स्मार्ट स्पीकर घेताना त्यामागची कंपनीही पारखावी

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत घरासाठी आवाजावर चालणारा स्मार्ट स्पीकर कसा निवडावा, याविषयीचा लेख नुकताच वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि आवाजाची प्रत, आकार, किंमत व रंगरूप यांची तुलना त्यात नीट केलेली आहे. तरीही साधा स्पीकर घेताना जे प्रश्न विचारले जातात तेवढेच लेखकाने विचारले आणि या वस्तूमुळे जे प्रश्न नव्याने उभे राहतात ते बाजूला राहिले, असे वाटले. साधा स्पीकर एकदा घरी आला की तो बनवणाऱ्या कंपनीशी आपला संबंध बहुतांशी संपतो. स्मार्ट स्पीकरच्या बाबतीत तो संबंध त्या दिवसापासून सुरू होतो, आणि त्यामुळे यंत्रापेक्षा कंपनीची पारख अधिक काटेकोरपणे करावी लागते. त्या दृष्टीने काही गोष्टी वाचकांसमोर ठेवाव्यात, म्हणून हे पत्र.

हे असे का, ते यंत्राच्या रचनेवरून कळते. स्पीकरच्या आत एक छोटा प्रोग्रॅम सतत चालू असतो आणि कानावर पडणाऱ्या आवाजात 'अलेक्सा', 'हे गूगल' किंवा 'सिरी' अशी ठरलेली हाक आहे का, एवढेच तो तपासत राहतो. हाक ऐकू येईपर्यंतचा आवाज काही क्षण यंत्रात राहतो आणि त्यावर पुढचा आवाज चढत जातो. हाक ओळखली गेली की दिवा लागतो आणि त्यापुढचे बोलणे बहुतेक वेळा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. तेथे त्याचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लावला जातो आणि उत्तर परत पाठवले जाते. दिवा लावणे किंवा गजर बंद करणे यांसारखी काही मोजकी कामे अलीकडची यंत्रे जागच्या जागी करू लागली आहेत, पण वाय-फाय गेले की बाकीची सगळी हुशारी संपते. म्हणजे आपण विकत घेतलेल्या वस्तूचा जो भाग खरे काम करतो तो आपल्या घरात नसतोच, आणि तो ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना त्यात वाटेल तेव्हा फेरफार करता येतो.

हे फेरफार कसे होतात, याचे दाखले थोड्याच वर्षांच्या इतिहासात भरपूर सापडतात. ॲमेझॉनचा 'अलेक्सा'वर चालणारा 'इको' २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आला, 'गूगल होम' २०१६ मध्ये आणि ॲपलचा 'सिरी'वर चालणारा 'होमपॉड' २०१८ च्या फेब्रुवारीत. त्याच सुमारास, २०१७ मध्ये, हार्मन कार्डन या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या 'कॉर्टाना' या आवाजी सहाय्यकावर चालणारा 'इन्व्होक' हा स्पीकर बाजारात आणला होता. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यातून कॉर्टाना काढून घेतली आणि ज्यांनी तो बोलका स्पीकर म्हणून घेतला होता त्यांच्याकडे साधा ब्लूटूथ स्पीकर उरला. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने सोनोस या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्या पाच पेटंटचा भंग झाल्याचा निर्णय गूगलविरुद्ध दिला, आणि त्यानंतर घरातल्या अनेक गूगल स्पीकरचा आवाज एका झटक्यात कमी-जास्त करण्याची सोय ग्राहकांच्या हातून गेली. दोन कंपन्यांच्या भांडणात ज्याचा काडीचा संबंध नव्हता, त्या गिऱ्हाईकाने घरातला प्रत्येक स्पीकर वेगवेगळा फिरवत बसायचे. २०२४ च्या जानेवारीत गूगलने कमी वापराच्या म्हणून 'असिस्टंट' या आपल्या आवाजी सहाय्यकातल्या १७ सोयी बंद करत असल्याचे जाहीर केले. स्पीकरला जोडायच्या उपकरणांची गत याहून वाईट असू शकते: २०१६ च्या मे महिन्यात 'रिव्हॉल्व्ह' नावाचे घरातील उपकरणे जोडणारे केंद्र पूर्ण बंद करण्यात आले, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये 'इन्स्टिऑन' या तशाच उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना कसलीही सूचना न देता थंडावले.

आता या स्पीकरच्या मागे नव्या पिढीची कृत्रिम बुद्धिमत्ता जोडली जात असून तिचे काही भाग मासिक वर्गणीच्या आड ठेवले जात आहेत. त्यात गैर काही नाही. सर्व्हर चालवायला खर्च येतोच. पण आज फुकट मिळणारी कोणती सोय उद्याही फुकट राहील, याची हमी खोक्यावर कोठेही लिहिलेली नसते, आणि खरेदीच्या दिवशीची सोयींची यादी पाहून निर्णय घेणाऱ्याने हे गृहीत धरूनच घ्यावा. माझे स्वतःचे मत असे, की एखादी सोय पुढेमागे मिळणार आहे या भरवशावर हा स्पीकर कधीही घेऊ नये. आज तो जे करतो तेवढ्यासाठी पैसे मोजायची तयारी असेल तरच घ्यावा.

दुसरा मुद्दा घरात आधीपासून काय आहे याचा. होमपॉड सुरू करण्यासाठी ॲपलचाच फोन किंवा टॅबलेट लागतो, त्यामुळे घरातील सर्वांचे फोन अँड्रॉइडचे असतील तर तो विचारातून बाद होतो. दिवे, प्लग, कुलपे यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' हे सामाईक मानक प्रसिद्ध झाले आणि ॲपल, गूगल व ॲमेझॉन या तिघांनीही ते स्वीकारले. नवी उपकरणे घ्यायची असतील तर त्यांवर मॅटरची खूण पाहून घ्यावी, म्हणजे पुढे स्पीकर बदलला तरी दिवे बदलावे लागत नाहीत. नुसती गाणी ऐकायची आणि गजर लावायचा असेल, तर या सगळ्यात शिरण्याचे कारण नाही.

ज्या मुद्द्याकडे खरेदी-मार्गदर्शक लेख सर्वांत कमी लक्ष देतात तो म्हणजे या यंत्राला कोणाचे बोलणे कळते. चाचणी करणारा बहुधा तरुण असतो, शांत खोलीत बसलेला असतो, आणि यंत्राला कसे बोललेले आवडते हे त्याला सवयीने ठाऊक असते. घरात मात्र पाण्याचा नळ चालू असतो, पंखा फिरत असतो, दोघे एकदम बोलत असतात. एकाहून अधिक मायक्रोफोन असलेले स्पीकर आवाज कोणत्या दिशेने आला ते ओळखून बाकीचा गलबला दाबतात, शिवाय स्वतःच वाजवत असलेले गाणे वजा करून हाक ऐकण्याचा प्रयत्न करतात. पहिल्या 'इको'मध्ये यासाठी सात मायक्रोफोन बसवलेले होते. तरीही भिंतीच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या शेजारी किंवा फडताळाच्या आतल्या कप्प्यात ठेवलेला उत्तम स्पीकरही बहिऱ्यासारखा वागतो. किंमत वाढवून जे साधत नाही ते कित्येकदा जागा बदलून साधते.

उच्चारांचा प्रश्न मात्र जागा बदलून सुटत नाही. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या आवाज ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या अमेरिकी व्यक्तींच्या बोलण्यात शंभरामागे सरासरी १९ शब्दांचा घोटाळा झाला, तर कृष्णवर्णीय अमेरिकी व्यक्तींच्या बोलण्यात ३५ शब्दांचा. भाषा एकच, देशही एकच; प्रणालीला शिकवताना ज्यांचे आवाज कमी वापरले गेले त्यांचे बोलणे तिला कमी कळले, असाच याचा अर्थ संशोधकांनी लावला. तेव्हा आपली भाषा यादीत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. घरातील प्रत्येकाने, विशेषतः लहान मुलांनी आणि वृद्धांनी, आपापल्या नेहमीच्या ढंगात त्याच्याशी बोलून पाहिल्याशिवाय या बाबतीत काहीच ठरवता येत नाही. ओळखीच्या कोणाकडे असा स्पीकर असेल तर तेथे, नाहीतर वस्तू परत करण्याची मुदत संपण्याआधी, ही परीक्षा घ्यावी.

आमच्या घरी सासूबाई बोलताना मध्येच थांबतात. गोळ्यांची आठवण लावण्यासाठी त्या हाक मारत, 'उद्या सकाळी' एवढे म्हणत आणि नेमकी वेळ आठवू लागत, तोच निळा दिवा मालवे आणि समजले नाही असे सांगून यंत्र मोकळे होई. दुसऱ्यांदा त्या घाईने बोलायला जात आणि घाईत शब्द अडखळत. काही दिवसांनी गोळ्यांची आठवण त्या पुन्हा कागदावरच लिहू लागल्या, आणि ज्यांच्यासाठी तो स्पीकर आणला होता त्याच त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. बोलणारा थांबला तरी जास्त वेळ वाट पाहण्याची सोय काही प्रणालींत आहे, अलेक्सामध्ये उत्तर देण्याचा वेगही कमी करता येतो. आम्ही घेतलेल्या स्पीकरमध्ये वाट पाहण्याची सोय नव्हती, आणि अशी सोय असू शकते हे खरेदीच्या वेळी वाचलेल्या एकाही परीक्षणात नव्हते. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना दिसत नाही किंवा अंथरुणातून उठून बटणापर्यंत जाणे ज्यांना जड जाते, त्यांना या यंत्राचा सर्वांत जास्त उपयोग आहे. म्हणूनच परीक्षणात ही बाब तळटीपेत जाऊ नये. एक सावधगिरीही येथेच सांगते: वीज किंवा इंटरनेट गेले की हे यंत्र मुके होते, त्यामुळे आजारी माणसाच्या उशाशी स्पीकर आहे म्हणून तेथला फोन उचलून नेऊ नये.

आता न मारलेल्या हाकेविषयी. हाकेशी मिळताजुळता कोणताही आवाज यंत्राला जागे करू शकतो. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका लहान मुलीने बोलता बोलता अलेक्साकरवी बाहुलीचे घर मागवले. ती बातमी सांगताना सॅन डिएगोच्या वृत्तवाहिनीवरील निवेदकाने तेच वाक्य उच्चारले, आणि टीव्हीसमोरचे कित्येकांचे स्पीकर जागे झाल्याच्या तक्रारी आल्या. हा प्रसंग हसून सोडण्याजोगा आहे. २०१८ मध्ये पोर्टलंडच्या एका कुटुंबाचे घरातले संभाषण रेकॉर्ड होऊन त्यांच्याच ओळखीच्या माणसाला परस्पर पाठवले गेले, तो मात्र तसा नव्हता. चार वेळा चुकीचे ऐकल्यावर, साखळीने, ते घडले असा खुलासा ॲमेझॉनने केला. आवाजावरून खरेदी करण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करावी किंवा तिला पिन लावावा, आणि बाहेरच्या दाराचे कुलूप नुसत्या आवाजावर उघडेल अशी व्यवस्था करूच नये, हे मला या प्रसंगांतून निघणारे किमान शहाणपण वाटते.

ज्यांच्याकडे असा स्पीकर आधीच आहे त्यांनी त्याच्या ॲपमधील आवाजाच्या नोंदींचे पान एकदा उघडून पाहावे. तारीख व वेळेसह एकेक वाक्य तेथे ओळीने मांडलेले असते आणि पुष्कळदा शेजारच्या खुणेवर बोट ठेवले की तोच आवाज पुन्हा ऐकू येतो. आमच्या यादीत 'दिवा बंद कर' आणि 'पाऊस पडेल का' यांच्या मध्ये मालिकेतल्या एका पात्राचे अर्धवट वाक्य होते, आणि माझ्या नणंदेचे फोनवरचे बोलणे होते, जे तिने यंत्राला उद्देशून खचितच केलेले नव्हते.

या नोंदी कोण ऐकतो, हा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला. आवाज ओळखण्याची प्रणाली सुधारण्यासाठी काही रेकॉर्डिंग कर्मचारी किंवा कंत्राटदार प्रत्यक्ष ऐकतात, हे ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांबाबत त्या वर्षी एकामागून एक उघड झाले. त्यानंतर ॲपलने माफी मागितली आणि ग्राहकाने होकार दिला तरच रेकॉर्डिंग ऐकण्याचे धोरण स्वीकारले. इतरांनीही नकार देण्याचे पर्याय ठळक केले. मे २०२३ मध्ये मुलांच्या आवाजाच्या नोंदी गरजेपेक्षा जास्त काळ ठेवल्याच्या व पालकांनी सांगूनही त्या पूर्णपणे न पुसल्याच्या आरोपावरून ॲमेझॉनने अमेरिकेत २.५ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. सिरीने न बोलावता संभाषण ऐकल्याच्या खटल्यात ॲपलने ९.५ कोटी डॉलरची तडजोड केल्याचे २०२५ च्या सुरुवातीला समोर आले, आरोप मात्र कंपनीने मान्य केले नाहीत. आणि २८ मार्च २०२५ पासून, काही मोजक्या इको यंत्रांवर असलेला, रेकॉर्डिंग बाहेर न पाठवता आवाज यंत्रातच हाताळण्याचा पर्याय ॲमेझॉनने काढून टाकला. हा शेवटचा दाखला मला अधिक बोलका वाटतो, कारण ज्यांनी खाजगीपणाची काळजी घेऊन जाणीवपूर्वक ती सेटिंग निवडली होती त्यांच्याच हातून ती गेली.

निवड करताना त्यामुळे तीन-चार गोष्टी आधी शोधाव्यात: नोंदी आपोआप पुसल्या जाण्याची मुदत ठरवता येते का, नोंद मुळीच न ठेवण्याचा पर्याय आहे का, आणि माणसांनी ऐकण्याची परवानगी सुरुवातीला चालू असते की बंद. मायक्रोफोन बंद करण्याची पद्धतही पाहावी. इको आणि गूगलच्या नेस्ट मालिकेतील स्पीकरवर त्यासाठी प्रत्यक्ष बटण किंवा सरकता खटका असतो आणि तो बंद असल्याचे रंगीत दिव्यावरून लांबूनही कळते. होमपॉडवर असा खटका नाही, तेथे ऐकणे थांबवायचे ते आवाजाने सांगून किंवा फोनमधल्या ॲपमधून. उलट, होमपॉडकडे केलेली विचारणा ग्राहकाच्या खात्याच्या नावाने न जाता यदृच्छेने ठरवलेल्या क्रमांकाखाली जाते, ही त्याची जमेची बाजू. पडद्याचा स्पीकर घ्यायचा झाल्यास कॅमेऱ्यावर सरकणारे झाकण असलेलाच घ्यावा. ज्यांना घराबाहेर काहीच जाऊ द्यायचे नाही आणि तांत्रिक खटपटीची हौस आहे, त्यांच्यासाठी 'होम असिस्टंट' या मुक्त प्रकल्पाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये स्वतःचे आवाजी उपकरण आणले आहे. पण सगळे घरातच चालवायचे तर त्यासाठी वेगळा संगणक सांभाळावा लागतो, हे ओळखून असावे.

कंपनी दूर राहिली, घरातल्या घरातही एक प्रश्न असतो. स्पीकर ज्याच्या खात्यावर सुरू केला जातो त्याला साधारणतः त्या यंत्राशी घरातील कोणीही काय बोलले याच्या नोंदी पाहता येतात. मुलगी रात्री काय विचारते, वडील कोणत्या आजाराची माहिती काढतात, हे त्याच्या फोनवर दिसू शकते. इकोमध्ये 'ड्रॉप इन' नावाची सोय आहे, तिच्याद्वारे परवानगी असलेल्या व्यक्तीला समोरच्याने काहीही न उचलता थेट त्या खोलीतले ऐकता व बोलता येते. दूर राहणाऱ्या वृद्ध आई-वडिलांची चौकशी करायला ती उपयोगी आहे, आणि त्यांना न सांगता चालू ठेवली तर ती पाळत आहे. खाते कोणाच्या नावाने, स्पीकर कोणत्या खोलीत आणि पाहुणे आले की मायक्रोफोन चालू की बंद, हे सर्वांनी मिळून आधी ठरवावे. झोपण्याच्या खोलीत तो नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवाजाच्या प्रतीबद्दल आपल्या लेखात पुरेसे आले आहे. एवढेच सुचवते, की घरात चांगली ध्वनियंत्रणा असेल तर लहान स्पीकर घेऊन तो ब्लूटूथने तिला जोडता येतो का ते पाहावे. मोठ्या स्पीकरचा खर्च वाचतो.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती. यापुढे अशा उपकरणांचे परीक्षण छापताना सुरक्षेची अपडेट किती वर्षे मिळणार, हा रकाना किंमतीच्या रकान्याशेजारी असावा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांच्या उत्पादकांना ही मुदत जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले आहे, त्यामुळे ती सांगता येत नाही असे कोणत्याही मोठ्या कंपनीला म्हणता येणार नाही. त्याच्याच जोडीला रेकॉर्डिंग किती काळ ठेवले जाते आणि मायक्रोफोन बंद करण्याचा खटका आहे की नाही, हेही द्यावे. आपल्या परीक्षकांनी कंपनीला हे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर आले नाही, तर त्या रकान्यात 'उत्तर आले नाही' असे छापावे.

आपली,
एक नियमित वाचक